वर्ग उठवता येतो, बसवता येतो का?

आदरणीय सर,
सोलापुरातील एका अध्यापक विद्यालयात मी अकरा वर्षांपासून शिकवते. वर्गातच, अभ्यासाच्या विषयातून मुलांची शारीरिक हालचाल कशी घडवून आणावी, यावर यंदा डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक पदविकेच्या द्वितीय वर्षाला मी चार व्याख्याने दिली, टिपणे दिली आणि वीस खेळांची यादीही हातात ठेवली. आंतरवासितेत, म्हणजे शाळांत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात, मात्र माझी निराशा झाली. निम्म्या छात्राध्यापकांनी एकही उपक्रम घेतला नाही, आणि ज्यांनी घेतला त्यांपैकी एकीचा वर्ग असा उधळला की मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, हा चौथीचा वर्ग आहे की गड्डा?" ती मुलगी रडत परत आली आणि आता पाठ घेताना फळ्यापासून हलत नाही. खोल्या लहान, बाक जड, शेजारच्या वर्गाची आवाजाबद्दल तक्रार आणि मार्च लागला की ऊन. भावी शिक्षकांची तयारी करून घेण्यात मी नेमकी कोठे कमी पडले?
– एक अध्यापिका, जुळे सोलापूर

सस्नेह नमस्कार मॅडम,

आपण शाळेचे नाव लिहिले नाही हे बरे केले, कारण हा प्रसंग जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत घडू शकला असता आणि त्या मुख्याध्यापकांच्या जागी मी असतो तर कदाचित माझ्याही तोंडून तेच निघाले असते. गड्ड्याची उपमा मात्र त्यांनी जरा घाईने दिली. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत तेवढ्या गर्दीतून उंच नंदीध्वज पेलत नेणारी माणसे यात्रेच्या आधी कितीतरी दिवस सराव करतात, हे सोलापूरकराला सांगायला नको. आपल्या छात्राध्यापिकेला तसा सराव मिळालाच नाही; तिच्या हाती थेट यात्रेच्या दिवशी काठी आली.

आपण दिलेल्या वीस खेळांच्या यादीत काही खोट असेल असे मला वाटत नाही, पण तिची गरज किती होती याविषयी शंका आहे. तळ्यात-मळ्यात, शिवाजी म्हणतो, मामाचे पत्र हरवले हे खेळ त्या मुलींनी लहानपणी अंगणात पुरेसे खेळलेले असतात. नवा शिक्षक वर्गात हालचाल टाळतो तो खेळ ठाऊक नाही म्हणून टाळत नाही. एकदा उठलेला वर्ग आपल्या शब्दावर परत बसेल याची त्याला खात्री नसते आणि ती खात्री कोणत्याही व्याख्यानातून मिळत नाही. म्हणून माझा सल्ला असा की छात्राध्यापकांना वर्ग उठवायला शिकवण्याआधी बसवायला शिकवावे. अध्यापक विद्यालयात मी काढलेल्या वर्षांत हा क्रम बराच काळ उलटाच ठेवला होता, त्यामुळे आपल्या पत्रातील पहिली काही वाक्ये मला ओळखीची वाटली.

सूक्ष्म अध्यापनाकडे, म्हणजे सहाध्यायांसमोर काही मिनिटांचा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव करण्याच्या पद्धतीकडे, याच दृष्टीने पाहा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली आणि आपल्याकडे ती कौशल्यांच्या ठरावीक मालिकेसह रुजली: पाठाची प्रस्तावना, प्रश्न विचारणे, फलकलेखन, प्रबलन (शाबासकी देऊन योग्य प्रतिसादाला बळ देणे), चेतक बदल (मुलांचे लक्ष टिकवण्यासाठी शिकवण्यात बदल करत राहणे). यातील चेतक बदल कौशल्याचा आमच्याकडचा निरीक्षण तक्ता काढून बघितला तर गंमत दिसते. शिक्षकाने वर्गात फिरणे, हावभाव करणे, आवाज चढवणे-उतरवणे, मध्येच थांबणे या सगळ्यांना त्यात जागा आहे. म्हणजे हालचालीला गुण आहेत, पण ते शिक्षकाच्या हालचालीला. मुले मात्र आरंभापासून शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसली तरी छात्राध्यापकाचा एकही गुण कमी होत नाही. ज्या गोष्टीसाठी तक्त्यात रकाना नाही ती गोष्ट वीस-बावीस वर्षांची मुलगी परक्या शाळेत, पाठीमागे निरीक्षक वही घेऊन बसलेले असताना, आपण होऊन करील ही अपेक्षाच जास्त आहे.

यावर उपाय म्हणून त्या मालिकेत आपण आपल्या विद्यालयापुरते आणखी एक कौशल्य जोडावे. त्याला भारदस्त नाव द्यायची गरज नाही, आम्ही त्याला 'उठ-थांब-बस' म्हणत असू. सहा मिनिटांचा पाठ असे आणि विद्यार्थी म्हणून सहाध्यायीच बसत. नव्वद टक्के चूक पहिल्याच वाक्यात होते, हे मी पुष्कळ पाठ पाहिल्यावर सांगतो: छात्राध्यापक आधी "मुलांनो, उभे राहा" म्हणतो आणि मग सूचना देऊ लागतो. उभ्या वर्गाला सूचना ऐकू येत नाही. म्हणून बसलेल्या मुलांना आधी सांगायचे की काय करायचे, कोठपर्यंत जायचे आणि कोणती खूण झाली की थांबायचे. मग एका मुलाकडून ते सगळे त्याच्या शब्दांत वदवून घ्यायचे. आणि त्यानंतरच उठवायचे. थांबण्याची खूण शिट्टीची नसावी, कारण शिट्टी मैदानाची असते आणि ती ऐकली की मुलांचे पाय आणखी मोकळे होतात. शिक्षकाने टाळ्यांचा एक ठेका वाजवावा आणि मुलांनी तोच ठेका हातांनी परत वाजवावा, हे मला सर्वांत उपयोगी वाटले, कारण उत्तर द्यायला हात गुंतले की ओढाओढी आपोआप थांबते. खूण झाल्यापासून शेवटचे मूल जागेवर बसेपर्यंत मागच्या बाकावरच्या सहाध्यायाने मनातल्या मनात आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी साठाच्या पुढे जाणारी मंडळी आठवडाभरात विसाच्या आत येत. खेळ कोणता याला त्या आठवड्यात काहीच महत्त्व नसे. कधी कधी नुसते उठून खिडकीकडे तोंड करायचे आणि परत बसायचे, एवढेच असे. मुली हसत, कंटाळत, पण आंतरवासितेत त्याच मुली धीटपणे वर्ग उठवत.

बसवणे जमले की हालचालीचा विषयाशी संबंध काय, हा खरा शैक्षणिक प्रश्न पुढे येतो. येथे छात्राध्यापकांनी दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकल्या पाहिजेत. पाच उड्या मारून मग सातचा पाढा म्हणणे हा विसावा आहे. तो वाईट नाही, चाळीस मिनिटे एका जागी बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याची गरजच असते, पण पाठाच्या टाचणात त्याला विसावाच म्हणावे. दुसरा प्रकार असा की ज्यात हालचाल काढून घेतली तर पाठच उभा राहत नाही. मी छात्राध्यापकांना टाचण तपासताना एवढेच विचारत असे: "ही कृती खोडली तर तुमच्या पाठात काय कमी होईल?" उत्तर न सुचल्यास कृती खोडायची.

एक पाठ सविस्तर सांगतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत आमची एक छात्राध्यापिका पाचवीला वचन हा घटक शिकवत होती. वर्गात बाक नव्हते, पट्ट्या गुंडाळून भिंतीशी ठेवल्या होत्या आणि खाली शहाबादी फरशी होती. फरशांचा एक लांब सांधा तिने खडूने पांढरा केला. अलीकडे तळे म्हणजे एकवचन, पलीकडे मळे म्हणजे अनेकवचन. "घोडा" म्हटल्यावर मुले तळ्यात, "नद्या" म्हटल्यावर मळ्यात, "फुले" म्हटल्यावर पुन्हा मळ्यातच. पाच-सहा शब्द असे गेले आणि मग ती शांतपणे म्हणाली, "दगड." अर्धा वर्ग तळ्यात राहिला, थोडी मुले पलीकडे गेली, काही जण दुसऱ्याचे बघून परत फिरले. एक मुलगा, ज्याच्या घरी कानडी बोलत आणि जो एरवी मराठीच्या तासाला तोंड उघडत नसे, तो एक पाय अलीकडे आणि एक पाय पलीकडे ठेवून उभा राहिला. वर्ग हसला. ती हसली नाही. तिने ठेका वाजवला, वर्ग थांबला आणि तिने त्याला विचारले, "तू असा का उभा आहेस?" तो म्हणाला, "एक दगड, दोन दगड." पुढची दहा मिनिटे वर्गाने बसून देव, बैल, उंदीर असे शब्द शोधले, आणि अकारान्त पुल्लिंगी नामाचे रूप दोन्ही वचनांत सारखेच राहते हा नियम पुस्तक उघडण्याआधी फळ्यावर आला. सगळी हालचाल मिळून चार मिनिटांची होती. ती नसती तर त्या मुलाचे उत्तर कोणालाच कळले नसते.

सोलापुरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. शहरात तेलुगू आणि उर्दू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कानडी अशा घरांतून मुले मराठी शाळेत येतात. ऐकलेली आज्ञा अंगाने पार पाडत भाषा शिकण्याची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडली, तिचा गाभा हाच आहे की समज आधी येते, बोलणे मागून येते, आणि मधल्या काळात मुलाला आपली समज दाखवायला काहीतरी साधन हवे असते. ज्याला अजून शब्द सापडत नाहीत त्याला पायाने उत्तर देता येते, हे आपल्या छात्राध्यापकांना सोलापुरात शिकवता येईल इतके दुसरीकडे क्वचितच येईल.

गणितात नेहमी दिसणारी एक चूकही येथेच सांगतो. सत्तेचाळीसला दहाने गुणताना दोन मुलांना ४ आणि ७ ची कार्डे देऊन फळ्यासमोर उभे करतात, दोघेही एकेक घर सरकतात, एककाचे घर रिकामे होते आणि तिसरा शून्य घेऊन येतो. कल्पना चांगली आहे. "शेवटी शून्य लावायचे" या घोकंपट्टीपेक्षा तर कितीतरी चांगली. पण त्यात तिघे हलतात आणि बाकीचे सदतीस बघत बसतात. तीच घरे दोन रांगांमधल्या मोकळ्या जागेत आठ-दहा ठिकाणी आखली आणि प्रत्येक गटाला वेगळी संख्या दिली की सगळा वर्ग एकदाच सरकतो.

मुख्याध्यापकांना पटवण्यासाठी "यामुळे गुण वाढतात" असे छात्राध्यापकांनी सांगू नये, याची मात्र काळजी घ्या. संशोधनाचे निष्कर्ष तितके सरळ नाहीत. नेदरलँड्समध्ये दुसरी-तिसरीच्या मुलांना दोन वर्षे गणित आणि भाषेचे धडे हालचालीतून दिले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात गणित आणि शुद्धलेखन सुधारलेले दिसले, वाचनात मात्र फरक आढळला नाही. त्याच वर्षी नॉर्वेतील पाचवीच्या मुलांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. तेथे सर्व मुलांचा एकत्र विचार करता अभ्यासात फरक पडला नव्हता, पण सुरुवातीला गणितात सर्वांत मागे असलेल्या मुलांना फायदा झालेला होता. माझ्या मते आपल्या शाळांसाठी ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची आहे. मुख्याध्यापकांना एवढेच सांगावे की पाठ्यांश तेवढाच पूर्ण होईल आणि वर्ग ठरलेल्या आकड्यात बसेल. हे दोन्ही त्यांना स्वतः पाहता येते.

याच संदर्भात शारीरिक शिक्षणाच्या तासाचा मुद्दा येतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल सांगते, आणि वर्गातली चार मिनिटे त्या हिशेबात नगण्य आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ ने शाळेला मैदान हवे म्हटले आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळाची सांगड विषयांशी घालण्याचा उल्लेख आहे, आणि तरीही परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो, हे आपण दोघेही जाणतो. आपल्या छात्राध्यापकांच्या तळ्यात-मळ्यातचा दाखला देऊन कोणी तो तास आणखी आखडू नये, म्हणून हे दोन वेगळे आहेत असे त्यांच्या टाचणवहीच्या पहिल्या पानावरच लिहून घ्या.

आता आपल्या चार व्याख्यानांविषयी, आणि हे थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हालचालीचे महत्त्व आपण बसलेल्या वर्गाला, बसवून सांगितले. अकरा ते पाच बाकावर बसणारी, पाठाच्या दिवशी साडीची निरी सांभाळत बसमधून उतरणारी मुलगी शाळेत जाऊन एकाएकी मोकळी कशी होईल? तिने शिकवताना हलावे असे वाटत असेल तर शिकताना तिने हललेले असले पाहिजे, आणि तेही लहान मुलाची नक्कल म्हणून नाही, प्रौढ विद्यार्थिनी म्हणून. शैक्षणिक मानसशास्त्राच्या तासाला "शिक्षा केल्याशिवाय शिस्त लागत नाही" हे वाक्य फळ्यावर लिहा, खोलीच्या एका भिंतीला पूर्ण मान्य आणि समोरच्या भिंतीला पूर्ण अमान्य असे ठरवा, आणि प्रत्येकीला आपल्या मताच्या जागी जाऊन उभे राहायला सांगा. मग प्रबलनाचा सिद्धान्त शिकवा आणि तासाच्या शेवटी पुन्हा उभे करा. कोण किती पावले सरकली यावर जी चर्चा होते ती टिपणांतून होत नाही. पदर खोचून उभे राहायची, मैत्रिणींसमोर अवघडायची आणि त्यातून सावरायची संधी त्यांना विद्यालयातच मिळू द्या. शाळेतल्या मुलांसमोर ती पहिल्यांदा येऊ नये.

जागा, ऊन आणि सुरक्षितता यांविषयी थोडक्यात. मी नवा शिक्षक असताना चौथीच्या मुलांना फळ्यापर्यंत धावत येऊन उत्तर लिहायला लावले आणि एका मुलाची हनुवटी बाकाच्या कोपऱ्यावर आपटली. दोन टाके पडले, त्याचे वडील कारखान्याचा खाडा करून शाळेत आले आणि मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागले. तेव्हापासून माझा नियम असा की वर्गात शर्यत नाही, धावणे नाही. बाक जड असतील तर बाकाशेजारी उभे राहून एक पाऊल पुढे आणि एक मागे एवढ्यावरही तळ्यात-मळ्यात होते. शेजारचा वर्ग तक्रार करीत असेल तर खेळ मुका ठेवावा. न बोलता उंचीप्रमाणे किंवा अक्षरक्रमाने रांग लावणे हे मुलांना ओरडण्यापेक्षा अवघड आणि म्हणून जास्त आवडणारे असते. पोषण आहारानंतर लगेच उड्या नकोत. पत्र्याच्या खोलीत मार्च-एप्रिलमध्ये जे करायचे ते सकाळच्या शाळेच्या पहिल्या दोन तासांत, पाणी जवळ ठेवून. उपाशी आलेले मूल, बरे नसलेली मुलगी, चालता न येणारा विद्यार्थी यांच्यासाठी प्रत्येक कृतीचा बसून करण्याचा प्रकार टाचणात आधीच लिहिलेला असावा, आणि तो सगळ्यांनाच खुला असावा, म्हणजे कोणाला कारण सांगावे लागत नाही.

निरीक्षण तक्त्यात तीन नोंदी वाढवा: वर्गातील किती मुले प्रत्यक्ष हलली, खूण झाल्यावर बसायला किती आकडे लागले, आणि बसल्यावर शिक्षकाने विचारलेला पहिला प्रश्न कोणता. ही शेवटची नोंद मला सर्वांत जास्त सांगते. "मजा आली का?" असा प्रश्न असेल तर तो विसावा होता, "दगडाला तू दोन्हीकडे का ठेवलेस?" असा असेल तर तो पाठ होता. हा तक्ता आंतरवासितेच्या शाळांतील मार्गदर्शक शिक्षकांना आधीच द्यावा, आणि मुख्याध्यापकांना भेटून कोणत्या दिवशी कोणत्या तासाला वर्ग उठणार आहे हेही सांगावे. दारात अचानक आलेला माणूस गोंधळ पाहतो; सांगून बोलावलेला माणूस घड्याळ पाहतो.

राहिली ती रडत परत आलेली मुलगी. तिला इतक्यात पुन्हा खेळ घ्यायला लावू नका आणि धीराचे शब्दही फार बोलू नका. त्याच शाळेत, त्याच चौथीवर, एक पाठ आपण स्वतः घ्या. तिला टाचण लिहायला सोबत घ्या, वर्गात मागे बसवा आणि आकडे मोजण्याचे काम तिच्याकडे द्या. आपला वर्ग पहिल्या खुणेला बसला नाही तर लपवू नका. पुन्हा ठेका वाजवा, पुन्हा बसवा, आणि पाठ संपल्यावर किती आकडे लागले ते तिच्याकडून मुख्याध्यापकांच्या समोर वाचून घ्या.